दरमहा हजार रुपये द्यावेत की महिन्यातला एक रविवार?

समाजासाठी काही करायचं मनात आलं की बहुतेकांची गाडी याच प्रश्नापाशी अडते. माझं मत आधीच सांगते. नोकरी-संसारात गुरफटलेल्या माणसाने सुरुवात पैशाने करावी आणि वेळ तिथे द्यावा, जिथे पैसा पोचूनही काम अडतं.

पैसे देणाऱ्याला आपल्याकडे उगाच कमी लेखतात. 'काय, नुसता चेक फाडला,' म्हणतात. पण संस्था चालते ती नर्सच्या पगारावर, वसतिगृहाच्या किराण्यावर, जीपच्या डिझेलवर. गडचिरोलीतल्या हेमलकशाला 1973 पासून माडिया गोंड आदिवासींसाठी लोकबिरादरी प्रकल्पाचा दवाखाना आणि शाळा उभी राहत गेली. अशा ठिकाणी पुण्या-मुंबईच्या पाहुण्याने चार दिवस राहून पेशंटना फारसा उपयोग होत नाही. औषधं मात्र रोज लागतात. इमारतीसाठी देणगीदार मिळतात, वीजबिलासाठी मिळत नाहीत. म्हणून देणगी देताना 'गरज असेल तिथे वापरा' असं कळवा. आणि वर्षाचे बारा हजार एकदम देण्यापेक्षा दरमहा हजार द्या, कारण ठरलेली रक्कम येणार असेल तरच संस्था एखादा माणूस पगारावर ठेवू शकते. आधी नोंदणी आणि लेखापरीक्षित हिशेब मागा. चांगली संस्था ते आनंदाने दाखवते. देणगीवरची आयकर सूट (जिला 80जी म्हणतात) जुन्या करपद्धतीतच मिळते, आणि दोन हजारांहून जास्त रोख दिली तर तीही नाही.

आता वेळेची बाजू. जुलै 2021च्या पुरानंतर चिपळूणच्या घराघरांत चिखल भरला होता. तो काढायला हातच लागत होते आणि ठिकठिकाणांहून माणसं फावडी घेऊन गेली. त्या आठवड्यात वेळ देणंच योग्य होतं.

पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपचं उदाहरण जास्त गुंतागुंतीचं आहे. गावांनी श्रमदानातून पाणी अडवण्याची कामं करायची ही स्पर्धा 2016मध्ये वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत सुरू झाली आणि 2019पर्यंत चालली. पुढे 1 मेच्या महाश्रमदानाला शहरांतले जलमित्र, म्हणजे श्रमदान करणारे स्वयंसेवक, गावोगाव जाऊ लागले. त्यांनी सकाळभर उपसलेली माती यंत्र फार लवकर उपसतं, मग प्रवासाचे पैसे यंत्राच्या डिझेललाच का देऊ नयेत? आक्षेप बरोबर आहे, पण तो शहरी पाहुण्यापुरता. गावातली माणसं उन्हाळ्यात पंचेचाळीस दिवस राबायची, भावकीतली भांडणं बाजूला ठेवून पाणी अडवणाऱ्या एकाच समतल चरावर उभी राहायची, तेव्हा चरासोबत गावाची एकीही तयार व्हायची. ती नसेल तर यंत्राने खणलेल्या चरातला गाळ पुढच्या वर्षी कोण काढणार? शहरातून गेलेल्या माणसालाही एक मिळतं: टँकरवर जगणं म्हणजे काय, हे त्याला त्यानंतर समजावून सांगावं लागत नाही.

रक्ताच्या बाबतीत तर पर्यायच नाही. पैसे घेऊन रक्त देण्यावर देशात 1998पासून बंदी आहे. ते कोणीतरी स्वतःहून दिलं तरच पिशवी भरते. निरोगी पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा देता येतं. मे महिन्यात कॉलेजं बंद, माणसं गावी, शिबिरं कमी. तेव्हा दिलेल्या पिशवीचं मोल फार.

मात्र वेळ देण्याला एक जोखीम आहे, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. बालगृहातल्या मुलांना आपली माणसं सोडून गेल्याचा अनुभव आधीच असतो. तुम्ही दोन महिने गणित शिकवलंत, लळा लावलात आणि ऑफिसचं काम वाढलं म्हणून थांबलात, तर तो अनुभव त्यांना पुन्हा येतो. एक शैक्षणिक वर्ष पूर्ण करण्याची खात्री नसेल तर मुलांना शिकवायचं काम घेऊच नका. रविवारी जमेल तसं येणाऱ्या स्वयंसेवकासाठी कार्यकर्त्यांचाही वेळ मोडतो. त्यापेक्षा छोट्या संस्थेचे हिशेब वर्षभर चोख लिहून देणारा निवृत्त बँक कर्मचारी कितीतरी मोठा आधार असतो. त्यालाही रिकाम्या झालेल्या दिवसांत आपली वाट पाहणारं एक टेबल मिळतं.

मुलं असतील तर त्यांना यात जरूर घ्या. दृष्टिहीन विद्यार्थ्याला दहावीच्या पेपरला लेखनिक लागतो, आणि तो खालच्या इयत्तेतला असावा लागतो. म्हणजे हे काम तुम्ही करू शकत नाही, तुमची आठवी-नववीतली मुलगी करू शकते. तीन तासांच्या पेपरला तासाला वीस मिनिटं वाढीव मिळतात, त्यामुळे तिला चार तास बसायची तयारी हवी, अक्षर वाचता येईल असं हवं, आणि त्या दिवशी काही झालं तरी पोचायला हवं. ती गेली नाही तर दुसऱ्या मुलाचं वर्ष धोक्यात येतं. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात आणि लेखनिकांची नावं त्याआधी द्यावी लागतात, तेव्हा दिवाळीची सुट्टी संपली की जवळच्या अंधशाळेत चौकशी करा.