घरी बनवलेला खोगिरांचा रॅक, दहा महिन्यांनंतर: लाकूड टिकलं, पिनांनी घात केला

दोन्ही खोगिरांच्या पॅनेलवर (घोड्याच्या पाठीवर टेकणाऱ्या गाद्यांवर) खालच्या अंगाला मोहरीएवढे काळे ठिपके, एका ओळीत, दोन-दोन इंचांवर. रॅकवर गालिच्याची पट्टी स्टेपलरने ठोकली होती. तिच्या पिनांवर मोजपट्टी धरली, तर हेच अंतर. म्हणून हा अनुभव लिहायला घेतला, नाहीतर रॅकबद्दल तक्रार फारशी नव्हतीच.

रॅकची घडण नेहमीचीच. 18 मिमीच्या वॉटरप्रूफ प्लायच्या दोन फळ्या, प्रत्येकी 55 सेंमी लांब आणि 12 सेंमी रुंद, छपरासारख्या उतरत्या बसवलेल्या. दोघींमधला कोन साधारण 100 अंश. माथ्यावर त्या एकमेकींना टेकत नाहीत, मध्ये 6 सेंमी फट आहे. ती ठेवायचीच, कारण दोन पॅनेलांमधल्या पन्हळीला खालून काहीही लागता कामा नये. नुसत्या पाइपवर किंवा एका जाड बल्लीवर खोगीर ठेवलं की सगळा भार पन्हळीवर नाहीतर पॅनेलच्या आतल्या कडांवर येतो आणि आतली लोकर तिथेच दबून गोळा होते. (खोगीरभरती ती हीच. आपण उगाच तिला बदनाम केलंय, घोड्याची पाठ तिच्यावरच वाचते.) फळ्यांच्या चारही कडा कानस आणि पॉलिश पेपरने घासून गोल केल्या, हे काम कंटाळवाणं असलं तरी टाळू नका.

भिंतीकडे एक लाकडी अडणी हवी, म्हणजे खोगिराचं पुढचं टोक भिंतीपासून 6 सेंमी लांब राहतं आणि मागून हवा खेळते. रॅकचं बाहेरचं टोक 2.5 सेंमी उंच ठेवलंय. त्यामुळे खोगीर बाहेर सरकत नाही, शिवाय पुढेमागे रॅक जरा झुकला तरी तो सपाटच होतो, उतरता होत नाही.

झुकण्याचंच सांगायचं तर एक रॅक चौथ्या महिन्यात मान टाकून बसला. दोष लाकडाचा नव्हता, स्क्रूच्या लांबीत काटकसर केली होती. 7 किलोचं खोगीर, वजनाचा मध्य भिंतीपासून 32 सेंमीवर, रॅक भिंतीला जोडणारी मागची पाटी 16 सेंमी उंच, म्हणजे वरच्या स्क्रूवर जवळपास 14 किलोची ओढ कायमची. 16 किलोचं वेस्टर्न (काउबॉय पद्धतीचं) खोगीर असेल तर 32 किलो. त्यात खोगीर उतरवताना माणूस रॅकवर हात टेकतो तो भार वेगळा. 50 मिमीच्या स्क्रूमधून 18 मिमी पाटी आणि 15 मिमी प्लास्टर वजा करा, विटेत उरले 17 मिमी. आता 8 मिमी जाडीचे 100 मिमी लांब स्क्रू आणि 10 मिमीचे प्लग घातलेत, भोक सांध्यातल्या मसाल्यात न पाडता भर विटेत. तेव्हापासून हललेला नाही. पोकळ ब्लॉकची भिंत असेल तर हा हिशेब विसरा, सरळ जमिनीवर उभा राहणारा सांगाडा करा.

आता गालिचा. पहिले तीन महिने मी त्याला दहापैकी नऊ दिले असते. खोगीर घसरत नव्हतं, ओरखडे नव्हते, दिसायलाही झकास. पावसाळा लागला आणि मत फिरलं. घामेजलेलं खोगीर त्यावर ठेवलं की ओल गालिच्यात उतरते आणि रात्रभर तिथेच मुक्काम करते. खोलीतली आर्द्रता 70 टक्क्यांच्या वर राहिली की कातड्यावर बुरशी धरतेच, आणि गालिचा ती ओल जपून ठेवतो. बुरशी एकवेळ पुसता येते. पण पिना गंजल्या. खोगिराचं कातडं बहुतेक वेळा झाडाच्या सालींतल्या टॅनिनने कमावलेलं असतं, आणि टॅनिन, लोखंड व ओल एकत्र आली की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) मिळून शाई होते ना, तीच गोष्ट. म्हणजे दहा महिने रॅकवर शाई बनत होती. एवढीएवढीशी पिन, पण त्या एका डबीपायी बाकीची मेहनत पाण्यात गेली, आणि याचा राग अजून गेलेला नाही.

गालिचा उखडून टाकलाय. फळ्यांवर पॉलियुरेथेन वार्निशचे तीन हात दिले आणि वास पूर्ण जाईपर्यंत खोगीर ठेवलं नाही. सगळे स्क्रू स्टेनलेसचे, माथे लाकडात 3 मिमी बुडवून वर लांबी (पुट्टी) भरलेली. मऊपणा हवाच असेल तर सुती टॉवेल नुसता पसरा, ठोकू नका, आठवड्याला धुवा. ओला नमदा (घोड्याच्या पाठीवर खोगिराखाली घालायची जाड घडी) रॅकवर खोगिराखाली ठेवायचा नाही, त्याला वेगळी दांडी.

लगामांच्या खुंट्या मात्र अपेक्षेपेक्षा सरस निघाल्या. 10 सेंमी व्यासाची, 4 सेंमी जाडीची लाकडी चकती आणि घसरू नये म्हणून समोर 13 सेंमीची पातळ चकती. खिळ्यावर टांगलेल्या लगामाची डोक्यावरची पट्टी एकाच जागी मोडते आणि पुढे तिथेच चिरते. यावर तसा माग अजिबात नाही. दोन खुंट्यांत 15 सेंमी अंतर पुरतं. दोन खोगिरांत वर-खाली 60 सेंमी ठेवलंय, वेस्टर्नला 90 लागेल. सगळ्यात खालचा रॅक जमिनीपासून गुडघ्याच्या वर घ्या, घाम आणि तेल मुरलेलं कातडं उंदरांना फार आवडतं.

ठिपके सॅडल सोपने (खोगिराचं कातडं धुवायच्या साबणाने) जात नाहीत, डाग कातड्याच्या आत उतरलेला असतो. घोड्याला त्याचं काही नाही. विकायला काढलं की गिऱ्हाईक मात्र खोगीर उलटं करून पहिलं बोट तिथेच ठेवणार.