गांजाचा जीनोम: इल्युमिना, हायफाय, नॅनोपोर की आयता डेटा?

गोव्यात राहून गांजाच्या जीनोमवर, म्हणजे त्याच्या सगळ्या डीएनएवर, प्रकल्प करू पाहणारी मुलं आधी विचारतात, "डीएनए वाचायचं मशीन कुठलं घ्यायचं?" खरं तर तुम्हाला नेमकं काय शोधायचंय, हे ठरलं की मशीन आपोआप ठरतं.

इल्युमिना स्वस्त पडतं, चुकाही हजारात एखादीच. अडचण रीडच्या, म्हणजे मशीन एका दमात वाचतं त्या डीएनएच्या तुकड्याच्या, लांबीची: १५० अक्षरं. मादी झाडाचा जीनोम साधारण ८१८ मेगाबेस (एक मेगाबेस म्हणजे दहा लाख अक्षरं), गुणसूत्रांच्या १० जोड्या, आणि निम्म्याहून अधिक भाग पुनरावृत्तीचा. २०११ मध्ये 'पर्पल कुश' वाणाचा पहिला मसुदा मुख्यतः छोट्या रीडवर झाला. त्यात जुळले ते ५३४ मेगाबेस, तेही लाखावर तुकड्यांत. खरी गोची टीएचसी (नशा आणणारं द्रव्य) आणि सीबीडी (नशा न आणणारं) यांच्या जनुकांपाशी होते. टीएचसीए सिंथेसचं, म्हणजे टीएचसीचं पूर्वरूप घडवणाऱ्या एन्झाइमचं, जनुक जेमतेम १,६३५ अक्षरांचं, पण सीबीडीए सिंथेसचं प्रथिन त्याच्याशी ८४ टक्के जुळतं, आणि आसपास रेट्रोट्रान्सपोझॉनच्या (जीनोमभर स्वतःच्या प्रती पसरवणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांच्या) गर्दीत त्यांच्याच निकामी झालेल्या प्रती पडलेल्या असतात. फुटक्या मंगळुरी कौलाचा तुकडा हाती आला तर तो छपरावरच्या कुठल्या कौलाचा, हे कसं सांगणार? तरीही वीस-तीस झाडांतला फरक पाहायचा असेल आणि जुळवायला आधीच नीट जोडलेला संदर्भ जीनोम हाताशी असेल, तर इल्युमिनाच घ्या. तिथे लांब रीडवर पैसे उडवण्यात अर्थ नाही.

एकाच झाडाचा जीनोम नव्याने जोडायचा असेल तर माझं मत सरळ हायफायला, म्हणजे पॅकबायो कंपनीच्या लांब आणि अचूक रीडला. १५ ते २० हजार अक्षरांचे रीड, अचूकता ९९.९ टक्के. गांजाचं परागीभवन वाऱ्याने होतं, त्यामुळे आईकडून आणि बापाकडून आलेल्या प्रती बऱ्याच वेगळ्या असतात. हायफायएएसएम हे रीड जोडणारं सॉफ्टवेअर त्या दोन्ही वेगळ्या काढून देतं. ३० पट खोलीसाठी, म्हणजे प्रत्येक अक्षर सरासरी ३० वेळा वाचायला, २५ गिगाबेस (२,५०० कोटी अक्षरं) डेटा लागतो, आणि तुकडे गुणसूत्रांवर बसवायला हाय-सीचा (केंद्रकात डीएनएचे कुठले भाग जवळ असतात ते सांगणाऱ्या पद्धतीचा) खर्च वेगळा.

हायफायचं मशीन विकत घेणं आवाक्याबाहेरचं, म्हणजे डीएनए बाहेर पाठवणं आलं. प्रकल्प बहुधा इथेच बुडतो. पानातली राळ आणि पॉलिसॅकराइड डीएनएबरोबर खाली बसतात. नळीच्या तळाशी तपकिरी, डिंकासारखा गोळा जमतो आणि पिपेटच्या टोकाला लोंबत राहतो. डीएनएची शुद्धता प्रकाशाच्या शोषणावरून मोजतात. त्यात २६०/२८० चा (प्रथिनांची भेसळ दाखवणारा) आकडा छान दिसतो, म्हणून लोक फसतात. २६०/२३० बघा, त्यात पॉलिसॅकराइडसारखी भेसळ दिसते; तो एकच्या खाली असेल तर नमुना पाठवूच नका. कोवळी पानं घ्या, द्रव नायट्रोजनमध्ये वाटा, आधी केंद्रकं वेगळी करून धुऊन घ्या, टिप रुंद तोंडाच्याच वापरा. आणि चवथीच्या तोंडावर कुरियर करू नका: पार्सल सुट्टीत अडकतं, ड्राय आइस उडून जातो.

नॅनोपोरचं छोटं मशीन मुठीत मावतं, स्वतःच्या टेबलावर चालतं आणि रीड लाखाच्याही पुढे जाऊ शकतात. 'सीबीडीआरएक्स' हा बराच काळ संदर्भ म्हणून वापरला गेलेला जीनोम नॅनोपोरच्याच रीडवर उभा आहे. पण एकच अक्षर सलग आलं की ते अडखळतं, आणि राळेचा अंश राहिला तर पोर (ज्यांतून डीएनए जाताना वाचला जातो ती सूक्ष्म छिद्रं) भराभर निकामी होतात. एक रन ७२ तासांपर्यंत चालतो. आमच्याकडे जुलैत इतका वेळ सलग वीज राहील या भरवशावर कुणी बसू नये. यूपीएसचा खर्च बजेटमध्ये धराच.

आता झाडाबद्दल. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात नुसतं पान 'गांजा'च्या व्याख्येत येत नाही, पण झाड लावायला परवानगी लागते, अभ्यासासाठीसुद्धा. ती मिळेपर्यंत एम.एस्सी.चं वर्ष सरतं. म्हणून एम.एस्सी.वाल्यांना मी चौथा पर्याय सुचवतो: झाडाला हातच लावू नका. २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या पॅनजीनोमने (अनेक झाडांच्या जीनोमच्या एकत्र संचाने) १९३ असेंब्ली, म्हणजे जोडून तयार केलेले जीनोम, समोर ठेवल्या. त्यांतल्या काही उतरवून सिंथेसच्या प्रती मोजा. बुस्कोचा (अपेक्षित जनुकांपैकी किती टक्के सापडली ते मोजणाऱ्या चाचणीचा) आकडा ९८ दिसला म्हणून असेंब्ली चांगली, असं मात्र धरू नका. बुस्को एकेरी प्रतीची सोपी जनुकं मोजतं, आणि तुम्हाला हवी ती नेमकी अवघड जागची.

पीएच.डी. असेल तर परवानगीचा अर्ज पहिल्याच सत्रात टाका. लिंगनिर्धारण हाच विषय नसेल तर झाड मादीच निवडा, म्हणजे वाय गुणसूत्राची डोकेदुखी टळते.