सौद्यासोबत फुकट मिळालेला खरारा

घोडी दाखवण्यासाठी बाहेर काढली, तेव्हा अर्ध्या तासात तिने एकदाही खांबाला अंग घासले नाही, मान झटकली नाही, की खांद्याला दात लावले नाहीत. तिचा तो शांतपणा पाहूनच मी सौदा पक्का केला. तो शांतपणा विकत घेतलेला होता, हे समजायला मला जवळजवळ महिना लागला.

विक्रेता घोड्यांचा मुरलेला व्यापारी होता. घोडीचे डोके, मान आणि खांदे यांवरचे केस यंत्राने बारीक कापलेले होते आणि सर्वांगाला तेलाचा हात फिरवलेला होता. केस घामामुळे कापले, असे त्याने सांगितले. आयाळीच्या मुळाशी कातडी मला थोडी जाड आणि सुरकुतलेली लागली, तेव्हा त्याने लगेच खुलासा केला की तिला बारीक माश्यांच्या चाव्याची ॲलर्जी आहे आणि ऋतू पालटला की ती आपोआप बसते. हा खुलासा मोठा चतुर होता, कारण असा आजार खरोखरच असतो. क्युलिकॉइडीस नावाच्या चिमुकल्या माश्यांच्या लाळेची ॲलर्जी झालेले घोडे आयाळ आणि शेपटीचे मूळ रक्त येईपर्यंत घासतात, पण तो आजार एका घोड्याकडून दुसऱ्याला लागत नाही. धडधडीत खोटे मी कदाचित ओळखले असते. खऱ्या आजाराचे नाव चुकीच्या जनावराला लावलेले मला ओळखता आले नाही. सोबत त्वचा निरोगी असल्याचा एक दाखला होता. तो तीन आठवड्यांपूर्वीचा होता आणि केवळ डोळ्यांनी पाहून दिलेला होता, हे मी घरी आल्यावर वाचले. निघताना व्यापाऱ्याने घोडीचा खरारा, ब्रश आणि झूल मला मोफत दिली आणि मी त्याचे आभारही मानले.

सहाव्या दिवशी रात्री तबेल्यातून खांबाला अंग घासल्याचा आवाज येऊ लागला. दुसरा आठवडा संपेपर्यंत मानेवर आणि कानांमागे केस गेलेले चट्टे, बारीक पुटकुळ्या आणि खपल्या दिसू लागल्या. त्याच सुमारास माझ्या हातांवर, कोपरापासून मनगटापर्यंत, लाल खाजरे ठिपके उठले. ॲलर्जी घोडीला असेल तर ती मला कशी लागेल, हा साधा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

पशुवैद्यांनी मात्र आल्याबरोबर आधी माझे हात पाहिले. नंतर त्यांनी चट्ट्याच्या मधून नव्हे, तर पसरत्या कडेवरून, बोथट पात्याने रक्त पाझरेपर्यंत कातडी खरवडली आणि तो अंश खनिज तेलाच्या थेंबात मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पहिल्या खेपेस काहीच सापडले नाही आणि मला हायसे वाटले. त्यांना वाटले नाही. खरूज करणाऱ्या सारकॉप्टिस जातीच्या किड्याची मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा करून आत अंडी घालते, आणि किड्यांची संख्या थोडी असतानाही खाज प्रचंड असू शकते, त्यामुळे खरवडीत किडा न सापडणे म्हणजे खरूज नसणे नव्हे, असे त्यांनी समजावले. चार दिवसांनी सहा वेगवेगळ्या जागांवरून घेतलेल्या खरवडीत दोन अंडी आणि एक जिवंत किडा मिळाला.

मग दाखवण्याच्या दिवशी खाज का नव्हती? पशुवैद्यांचा अंदाज असा, की तिला स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले गेले असावे. त्याने खाज आणि सूज काही दिवस दबते. किडे मरत नाहीत, उलट शरीराची प्रतिकारशक्ती मंदावल्याने त्यांना मोकळे रान मिळते. शिवाय घोड्यांत या औषधामुळे खुरांच्या आतील थराचा दाह होण्याचा धोका असतो, म्हणून पुढे बरेच दिवस आम्ही तिचे खूर गरम लागतात का, हे रोज हात लावून पाहत होतो. इंजेक्शन दिल्याचा पुरावा माझ्याकडे नाही. खरेदीच्या वेळी रक्ताचा नमुना काढून जपून ठेवला असता, तर तो मिळाला असता.

व्यापाऱ्याला कळवल्यावर त्याने लागण माझ्याच तबेल्यात झाल्याचे ठासून सांगितले आणि वर उपाय म्हणून लेबल काढलेली एक बाटली पाठवली. ती वापरण्यापूर्वी मी त्याला औषधाचे नाव विचारले, तेव्हा गुरांच्या गोचिडांवर मारतात ते अमिट्राझ असल्याचे समजले. पशुवैद्यांनी बाटली अक्षरशः हातातून काढून घेतली. अमिट्राझमुळे घोड्याच्या मोठ्या आतड्याची हालचाल थंडावते, आत शेण साचून घट्ट होते आणि जीवघेणी पोटदुखी होऊ शकते, म्हणून घोड्यांवर ते वापरायचे नसते. एक फसवणूक झाकण्यासाठी धाडलेल्या बाटलीने माझी घोडी दगावली असती, याचा राग पैशांच्या रागाहून मोठा आहे.

महिन्याभराने माझा जुना घोडाही घासू लागला. दोघे कधी एकत्र बांधले नव्हते, पण तो फुकटचा खरारा मी दोघांनाही वापरत होतो. किडे घोड्याच्या अंगाबाहेरही काही काळ जगतात. साज, ब्रश, झूल आणि अंथरलेला पेंढा यांवरून ते पुढे जातात. उपचार दोन्ही घोड्यांवर एकदमच करावे लागले. वजन करून, दर किलोला 0.2 मिलिग्रॅम या मात्रेने आयव्हरमेक्टिन हे किडे मारणारे औषध तोंडावाटे दिले आणि 14 दिवसांनी पुन्हा दिले, कारण अंड्यातून नवा किडा तयार व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात आणि पहिल्या मात्रेतून अंडी सुटतात. जोडीला चुना-गंधकाच्या द्रावणाने आठवड्याला एक धुणे होते, ज्याचा कुजक्या अंड्यांसारखा वास आमच्या कपड्यांना अजून येतो. कापलेले केस आणि पेंढा जाळला, झूलही त्यातच टाकली. माझ्या हातांवरचे ठिपके घोडी बरी होऊ लागल्यावर आपोआप गेले, कारण घोड्याचा हा किडा माणसाच्या कातडीत कायमचा संसार थाटत नाही.

पैशांच्या बाबतीत पशुवैद्यांचे एक वाक्य उपयोगी पडले. मानेवरची कातडी इतकी जाड होऊन तिला घड्या पडणे दोन आठवड्यांत शक्य नाही, असे त्यांनी लेखी दिले, आणि खरेदीच्या दिवशी मी काढलेल्या छायाचित्रात त्या घड्या दिसत होत्या. तरीही करारात ‘घोडी जशी आहे तशी’ हे शब्द होते आणि त्याखाली माझी सही होती. बऱ्याच वादानंतर व्यापाऱ्याने औषधोपचाराचा निम्मा खर्च दिला. घोडी परत घेण्याचे त्याने नाकारले.

गेल्या आठवड्यात एका परिचिताने मला विकाऊ घोड्याचे छायाचित्र पाठवून मत विचारले. मान बारीक कापलेली, अंग तेलाने चमकणारे, आणि खाली ओळ होती, की खरारा व झूल सोबत मोफत मिळेल. मी त्याला सांगितले, की घोडा पाहायला जाताना पशुवैद्याला बरोबर ने, आणि दोन आठवड्यांनी न कळवता पुन्हा एकदा जा.