कालनिर्णय : चौकटीत बोटभर जागा, पण पुरते

वस्तू : कालनिर्णय, मराठी, भिंतीवरचं मोठं. वापर : माण तालुक्यातल्या आमच्या घरात सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून. गुण : पाचपैकी साडेचार. अर्धा राशिभविष्याचा कापलाय. ते पान आमच्या घरात कुणी गंभीरपणे वाचलेलं मी पाहिलं नाही.

दर डिसेंबरात पेपरवाल्याकडे पाच-सहा प्रकारची कॅलेंडरं टांगलेली असतात आणि 'कुठलं घेऊ' म्हणून मला विचारणारे लोक आहेत, कारण आमच्या घरात जुन्या कालनिर्णयांचा गठ्ठा आहे हे सगळ्यांना माहीत आहे. गठ्ठा माझ्या आजोबांचा, तात्यांचा. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत प्राथमिक शिक्षक होते. जन्म १९३४, गेले २०२३च्या ज्येष्ठात. वर्ष संपलं की ते कॅलेंडर खिळ्यावरून काढायचे, सुतळीने बांधून माळ्यावर ठेवायचे. टाकून देणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं, पण याबाबतीत खास कारण होतं. ते त्यावर लिहायचे.

आधी वस्तूबद्दल. जयंतराव साळगांवकरांनी हे १९७३ साली सुरू केलं. त्याआधी आमच्याकडे सोलापूरचं दाते पंचांग यायचं आणि ते गावात दोघा-तिघांनाच वाचता यायचं. त्यातले एक तात्या. संकष्टी कधी, अमावास्या किती वाजता लागते, बैल विकत आणायला वार कुठला, हे विचारायला बायाबापड्या शाळेच्या व्हरांड्यात येऊन बसायच्या. कालनिर्णयानं हा त्रास संपवला. तिथी, नक्षत्र, सण, ईद, नाताळ, पतेती सगळं एकाच चौकटीत, साध्या मराठीत. लिहितावाचता येणारा कुणीही बघू शकतो. तात्यांना याचा आनंद झाला असेल असं वाटतं ना? आजी म्हणते, पहिल्या वर्षी जरा हिरमुसले होते. व्हरांडा रिकामा पडला.

चंद्रोदयाच्या वेळा गावागणिक वेगळ्या दिलेल्या असतात, ही मला अजूनही सर्वांत उपयोगी सोय वाटते. मुंबईची वेळ बघून माणदेशात उपास सोडायचा नसतो, हे आमच्या आजीनं पुण्यातल्या सुनांना अनेकदा ऐकवलं आहे.

आता लिहिण्याबद्दल. चौकटीत आधीच इतकं छापलेलं असतं की मोकळी जागा बोटभर उरते. तात्यांची पेन्सिल दोऱ्याला बांधून खिळ्यालाच लटकवलेली असायची. एवढ्या जागेत माणूस दोन-चार शब्दांपलीकडे जाऊच शकत नाही आणि मला वाटतं, डायरी दिली असती तर तात्यांनी उपदेश लिहिला असता. इथे फक्त घडलं तेवढं आलं. गॅसचं सिलिंडर. गाय व्याली. पाऊस नाही. पाऊस नाही. पाऊस नाही. (आमच्या तालुक्यात हे दोन शब्द कुठल्याही जूनमध्ये सापडतील.) आषाढात पंढरपूरला जाणाऱ्या दिंड्या गावावरून जायच्या, त्या दिवशी फक्त आकडा असायचा : जेवले १४. जेवले २२. एका वर्षी जेवले ४१, आणि शेजारी बारीक अक्षरात 'पीठ संपले'.

१६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. सूर्यग्रहण. शनिवारची शाळा सकाळची, पण नोंद म्हणते : 'पोरे दुपारपर्यंत थांबवली. पुठ्ठ्याला भोक.' म्हणजे पुठ्ठ्याच्या भोकातून जमिनीवर पडलेला कापलेला सूर्य पोरांना दाखवला. सुतक पाळणाऱ्या गावात हे सोपं नव्हतं. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या दिवशी गणपती बोळवलेले, पहाटे किल्लारीचा भूकंप. 'ज्वारी २ पोती लातूरला.' घरात तेव्हा किती पोती होती हे लिहिलेलं नाही. २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार, देशभर गणपती दूध पीत होता तो दिवस. तात्यांची नोंद : 'म्हणे. आपले दूध पोरांना.' मी कित्येक लोकांना हे पान दाखवलंय आणि सगळे याच ठिकाणी हसतात.

ईदच्या चौकटीत दरवर्षी 'शीरखुर्मा' एवढंच. मुलाण्याच्या घरचा डबा दुपारी यायचा, दिवाळीला आमच्याकडून फराळ जायचा.

आणि मग 'दिले'. हा शब्द गठ्ठ्यात सगळ्यात जास्त वेळा येतो. दिले ५०. दिले ३००. दिले १२००. नाव कुठेच नाही. 'आले' हा शब्द मी शोधून थकले, चार-पाच ठिकाणी आहे, त्यातला एक मनीऑर्डरीचा. तेराव्यानंतर थोरले काका कॅल्क्युलेटर घेऊन गठ्ठ्यापाशी बसले. वसुलीसाठी नव्हे, नुसतं कुतूहल, असं त्यांचं म्हणणं. दोन वर्षांची बेरीज झाल्यावर त्यांनी कॅल्क्युलेटर ठेवून दिला आणि चहा मागितला.

त्याच आठवड्यात एक माणूस आला. तात्यांचा विद्यार्थी, आता एसटीत चालक. बहिणीच्या लग्नाला गुरुजींनी पंधराशे दिले होते म्हणाला, आणि पाकीट पुढे केलं. साल त्याला आठवत होतं, महिना आठवत होता. काकांनी माळ्यावरून ते वर्ष काढलं. सापडलं : दिले १२००. तो ऐकेना, पंधराशेच होते म्हणे. काका म्हणाले, अरे इथे लिहिलंय. बराच वेळ हे चाललं. आम्हाला वाटलं आजी पाकीट परत करेल, तात्यांच्या बायकोला शोभेल असं काहीतरी बोलेल. आजीनं पाकीट घेतलं, पैसे मोजले आणि डब्यात टाकले. म्हणाली, "घेते की. माझ्या पाटल्या मोडून दिलेलं हाय ते. बाराशे त्यांचं, वरचं तीनशे माज्या किराण्याचं."

पाटल्यांचा उल्लेख कुठल्याच चौकटीत नाही. मी मुद्दाम पाहिलं. तात्यांच्या दातृत्वाच्या गोष्टी सांगणारे आम्ही सगळे निम्मीच गोष्ट सांगत होतो, आणि तात्याही निम्मीच लिहून गेले.

आजीचा या कॅलेंडरशी संबंध वेगळा. तिला पुढचं पान नको, मागचं हवं. पानामागे पाककृती असतात, महिना संपायची वाट न बघता ती त्या कात्रीनं कापून घ्यायची आणि पीठमिठाच्या फळीवर डाळीच्या डब्याखाली सरकवायची. त्यामुळे गठ्ठ्यात चौकोनी भोकं आहेत. १९८८च्या मार्चमधला जवळजवळ आठवडा नाही, कारण त्यामागे कसली तरी वडी होती. यावरून दोघांची भांडणं व्हायची ती मी ऐकली आहेत. "तुम्ही माझा मंगळवार कापलात." "मंगळवारी काय झालं हुतं एवढं?" तात्यांना आठवायचं नाही, आणि तिथेच भांडण आजी जिंकायची.

मोबाइलवरचं कालनिर्णयही मी वापरते. तिथी पटकन सापडते, प्रवासात बरं पडतं. पण आमच्या घरी कॅलेंडर स्वयंपाकघराच्या दाराशी असायचं आणि येणारा-जाणारा त्यात डोकावायचा. कुणाचं सिलिंडर कधी, कोण कुठल्या गाडीनं येणार, हे सगळ्या घराला कळायचं. फोन ज्याचा त्याच्या खिशात.

२०१५ला तात्यांचं सहस्रचंद्रदर्शन केलं. हजार पौर्णिमा म्हणजे ऐंशी वर्षं आणि वर साधारण दहा महिने. त्यांनी स्वतः अमावास्या-पौर्णिमा मोजून तारीख पडताळली, भटजींची तीन दिवसांनी चुकते म्हणाले, आणि शेवटी मुलांना सुट्टी असलेल्या रविवारीच कार्यक्रम केला. त्या रविवारच्या चौकटीत 'जेवले' आहे. आकडा लिहायचा राहिला, किंवा मोजता आला नाही.

नवीन घेणाऱ्यांसाठी दोन-तीन सूचना. २०२६ला ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. ज्यांच्या घरची तिथी ज्येष्ठात येते त्यांनी चौकट नीट वाचावी. आमच्या भटजींनी तात्यांचं श्राद्ध निज ज्येष्ठात, म्हणजे जूनच्या मध्यानंतर सांगितलंय. कॅलेंडर शोभेला दिवाणखान्यात लावू नका, चुलीजवळ लावा. पेन्सिल दोऱ्यानं बांधाच, नाहीतर मुलं पळवतात. आणि घरात पाककृती कापणारं कुणी असेल तर दोन प्रती घ्या. एक लिहायला, एक कात्रीला.