‘डिस्ट्रिब्युटर नवीन करून देतो’ : साडेसहा हजारांची फसवणूक

सोलापुरात आणि आसपास ज्यांच्या दारात अजून अॅम्बेसेडर किंवा फियाट उभी आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला ज्याच्या त्याच्या वेळेला ठिणगी पोचवणारा इंजिनाचा भाग, दुरुस्त करून घेण्यात माझे साडेसहा हजार रुपये गेले. पण खरा संताप येतो तो काम करणाऱ्या कारागिरानं दिलेल्या खोट्या टेस्ट रिपोर्टचा, कारण त्यावर विसंबून गाडी पळवली असती तर पिस्टनला भोक पडायची वेळ आली असती.

गाडी वडिलांची, 1978 ची अॅम्बेसेडर मार्क थ्री, 1489 सीसी पेट्रोल. आयडलिंगला मिसिंग मारत होती. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट दोन बोटांत धरून हलवला की प्ले (ढिलेपणा) सरळ हाताला लागायचा. या गाडीत सीबी पॉइंटचा, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचा, गॅप असतो 0.35 ते 0.40 मिलिमीटर. शाफ्ट नुसता 0.1 मिलिमीटर डुलला तरी त्यातला चौथा हिस्सा कमी-जास्त होतो आणि चारही सिलिंडरची ठिणगी वेळ चुकवून, मागं-पुढं पडते. मग टायमिंग कितीही लावा, बसत नाही. इलाज एकच : शाफ्ट ज्यात फिरतो तो बुश बदलणे.

शहरातल्याच एका कारागिरानं काम घेतलं. ‘मालक, नवीन बुश, नवीन स्प्रिंगा, मशीनवर फिरवून रिपोर्टसकट देतो’ असं ठासून सांगितलं. मशीनवर टेस्ट म्हणजे डिस्ट्रिब्युटर मोटरवर फिरवायचा आणि अंशांच्या गोल पट्टीवर ठिणग्या कुठं पडतात ते बघायचं. चार ठिणग्या नव्वद-नव्वद अंशांवर, जास्तीत जास्त एखाद्या अंशाच्या फरकानं पडायला हव्यात. स्पीड वाढवत नेला की आतली, स्प्रिंगांनी धरलेली वजनं बाहेर फेकली जातात आणि अॅडव्हान्स, म्हणजे ठिणगी किती अंश आधी पडते ते, वाढत जातो, तोही आकड्यांत मिळतो. माल परत आला तेव्हा बॉडी आरशासारखी पॉलिश, नवा रोटर, नवे पॉइंट, आणि छापील कागदावर पेनानं भरलेले आकडे. बिल मात्र नाही.

गाडी तुळजापूरला काढली. घाटाच्या चढाला अॅक्सिलरेटर दाबला की इंजिन ठोकायला लागलं. खाली आल्यावर ड्वेल मीटर लावला (पॉइंट किती अंश मिटलेले राहतात ते तो दाखवतो) : आयडलिंगला 59, रेस केल्यावर 51. दोन-तीन अंशांपेक्षा जास्त फरक पडला की प्ले आहेच असं धरायचं.

घरी आणून डिस्ट्रिब्युटर सगळा खोलला. बुश जुनाच. त्याच्या तोंडाशी गोल फिरून सेंटर पंचचे ठोके मारलेले. ठोक्यानं कडेचा धातू आत सरकतो, शाफ्ट काही दिवस घट्ट वाटतो, आणि तेवढी कड झिजली की पुन्हा तेच. या बुशचं कांस्य सच्छिद्र असतं, ते तेल पिऊन ठेवतं. म्हणून नवा बुश बसवण्याआधी किमान 24 तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवायचा असतो. इथं बुश कोरडा ठणठणीत होता.

स्प्रिंगांचं तर त्याहून वाईट. मुळात एक स्प्रिंग नाजूक आणि दुसरी जाड असते. जाड स्प्रिंगच्या टोकाचा हूक मुद्दाम लांबट ठेवलेला असतो, म्हणजे ती उशिरा ताण घेते आणि अॅडव्हान्स आधी पटकन, मग हळूहळू वाढतो. यानं दोन्ही सारख्या, नाजूक स्प्रिंगा टाकल्या होत्या. अॅडव्हान्स एकदम शेवटापर्यंत जात होता, घाटात ठोकत होतं ते त्यामुळंच.

आणि तो कागद. त्यावर जास्तीत जास्त अॅडव्हान्स लिहिला होता 19 अंश. कॅमच्या खालच्या पट्टीवर कंपनीनं 15 चा आकडा ठोकलेला आहे. त्यापुढं वजनांना जायला जागाच नाही, धातूला धातू अडतो. म्हणजे डिस्ट्रिब्युटर मशीनवर चढलाच नव्हता. त्याच कागदावर ‘व्हॅक्युम ओके’ असंही होतं. इंजिनाच्या ओढीनं पॉइंटची प्लेट सरकवणाऱ्या व्हॅक्युमच्या नळीला तोंड लावून हवा ओढली, तर ती प्लेट हललीसुद्धा नाही, हवा नुसती आरपार येत राहिली. कागद घेऊन गेलो तर म्हणाला, ‘मालक, गाडी चालतीय न्हवं?’ पैसे परत द्यायला साफ नकार.

काम कुणाकडंही द्या, पण काढण्याआधी बॉडीवरच्या नंबरचा, आतल्या आकड्याचा आणि दोन्ही स्प्रिंगांचा फोटो काढा. काढलेला बुश आणि जुन्या स्प्रिंगा परत मागा. द्यायला कुरकुर करणाऱ्याकडं काम देऊच नका. टेस्ट आपल्या डोळ्यांसमोर करायला लावा. मशीन नसेल तर तसं सरळ सांगणारा कारागीर चांगला, ड्वेल मीटर आणि टायमिंग लाइट घेऊन गाडीवर तपासणी होते. पुढं मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टर्नरकडून बुश बनवून घेतला. त्यानं शाफ्ट आधी मायक्रोमीटरनं मोजला, मगच लेथ सुरू केला. आता ड्वेल आयडलिंगपासून वरपर्यंत दीड अंशाच्या आत राहतो.

बिल नसलं तरी ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, तो कागद आणि पंचच्या ठोक्यांचे फोटो माझ्याकडं आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, त्यामुळं तिथला अर्जही तयार करतोय. याच पद्धतीनं तुमचंही काम झालं असेल, तर डिस्ट्रिब्युटर खोलून आधी बुशची कड बघा आणि फोटो जपून ठेवा.