‘पोचलास का?’ : एलिट डेंजरसमधले सात महिने

एलिट डेंजरस या अंतराळातल्या कॉम्प्युटर गेममध्ये जूनमध्ये जहाज घेऊन निघालो तेव्हापासून बायको रोज जेवणानंतर एकच विचारायची, "पोचलास का?" एसटीने गावी गेलेल्या माणसाला विचारावं तसं. उत्तर सात महिने ‘नाही’ असंच होतं. मागच्या आठवड्यात पोचलो. लांबच्या सफरीवर निघावं की नाही, आणि निघालात तर परत कसं यावं, असं विचारणारे बरेच भेटतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

गेम डिसेंबर २०१४ मधला. आपली अख्खी आकाशगंगा खऱ्या मापात, सुमारे ४०० अब्ज तारकाप्रणाली. माणसांची वस्ती सूर्याभोवतीच्या एका छोट्या भागात, तिला सगळे ‘बबल’ म्हणतात. मी तिथून आधी कोलोनियाला गेलो, २२ हजार प्रकाशवर्षं. या वस्तीचा जन्मच एका फसलेल्या उडीतून (उडी म्हणजे एका ताऱ्यावरून थेट दुसऱ्या ताऱ्यापाशी जाणं) झालाय : २०१६ मध्ये जाक स्टेशन हे अवकाशस्थानक आकाशगंगेच्या पार टोकाला, बीगल पॉइंटला निघालं आणि भलतीकडेच जाऊन पडलं. खेळाडूंनी ते शोधून काढलं आणि आजूबाजूला वस्ती उभी राहिली. तिथून मी धनू ए* या आकाशगंगेच्या मधल्या कृष्णविवरापाशी गेलो आणि मग घरी. सगळं मिळून ६० हजारांच्या आसपास.

मेलात तर काय जातं? जहाज किमतीच्या पाच टक्के भरून परत मिळतं, ते काही मोठं दुःख नाही. पण वाटेत स्कॅन केलेले ग्रह स्टेशनवर विकेपर्यंत ती माहिती तुमच्याच जहाजात असते. जहाज फुटलं की सगळी पुसली जाते, आणि नव्या ग्रहांवर ‘पहिला शोध’ म्हणून लागणारं तुमचं नावही लागत नाही. तुम्ही जागे होता ते शेवटी जिथे थांबला होतात त्या स्टेशनात. म्हणजे महिनोन्‌महिने पाण्यात.

आणि एवढ्या दूर मारायला येणारं कोणीच नसतं. हेच कळायला मला वेळ लागला. माझे मामा नाशिक-इंदूर ट्रक चालवायचे. ते म्हणायचे, घाटात कधी झोप येत नाही, घाट संपल्यावरच्या सरळ रस्त्यावर येते. इथे सगळाच सरळ रस्ता आहे. उडी, तारा, इंधन, वळण, परत उडी. दोनशेव्या उडीला हात आपोआप चालतात आणि डोकं उद्याच्या ऑफिसात असतं.

उडी संपते तेव्हा जहाजाचं नाक थेट ताऱ्याकडे असतं. ऑगस्टमध्ये एका रात्री दीड वाजता मी उडीच्या बोगद्यात असताना फोन बघत बसलो आणि थ्रॉटल, म्हणजे वेगाचा दांडा, पुढेच राहिला. वर बघेपर्यंत जहाज ताऱ्याला भिडून सुपरक्रूझमधून (ताऱ्याभोवती फिरतानाचा अतिवेगवान प्रवास) बाहेर फेकलं गेलं होतं, उष्णता शंभर टक्क्यांच्या वर, आतले भाग भाजायला लागलेले. घाबरून परत थ्रॉटल दाबला की खेळ खलास. थ्रॉटल शून्य करायचा, हीटसिंक (जहाजातली उष्णता बाहेर फेकणारा भाग) सोडायचा, नाक ताऱ्यापासून फिरवायचं, ड्राइव्ह, म्हणजे उडीचं इंजिन, थंड झाला की चार्ज करून निघायचं. ही चार कामं त्या क्रमाने आधी पाठ असली तरच तेव्हा सुचतात. माझ्याकडे हीटसिंक होता म्हणून वाचलो. वजन वाचवायला तो काढून ठेवणारे आहेत, मीही काढणार होतो. त्या दिवसापासून उडी सुरू झाली की आधी थ्रॉटल शून्यावर. आता बोगद्यात चहा प्यायलो तरी चालतं.

इंधनाचं सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे फसतात. ओ, बी, ए, एफ, जी, के, एम या वर्गांच्या ताऱ्यांवरूनच इंधन भरता येतं. तपकिरी बटू, श्वेतबटू, न्यूट्रॉन, टी टौरी यांच्याकडे काही मिळत नाही. नकाशात गाळणी लावली की मार्ग फक्त कामाच्या ताऱ्यांवरून जातो. मी एका तेजोमेघाच्या मोहात वाट सोडली तेव्हा ती गाळणी बंद होती. लागोपाठ तीन तपकिरी बटू लागले. टाकीत एक मोठी उडी होईल एवढंच उरलं आणि तेवढ्यात एकही चांगला तारा नाही.

इथे ‘फ्युएल रॅट्स’ कामाला येतात. २०१५ पासून खेळाडूच स्वयंसेवक म्हणून अडकलेल्यांना इंधन पोचवतात, फुकट. त्यांचा पहिला सल्ला सोन्यासारखा : इंधन संपून ऑक्सिजनचा काटा उलटा चालू झाला असेल तर ताबडतोब गेममधून मुख्य मेनूत बाहेर पडा, आणि मग मदत मागा. माझा काटा सुरू झाला नव्हता, तरी मी बाहेर पडलो आणि झोपलो. सकाळी डोकं चाललं. नकाशात सर्वांत वेगवान मार्गाऐवजी काटकसरीचा मार्ग निवडता येतो. निम्म्या अंतराच्या उडीला निम्मं नाही, साधारण पाचवा हिस्साच इंधन लागतं. छोट्या छोट्या पाच उड्या मारत एका एम ताऱ्यापर्यंत पोचलो. रात्री हेच दिसलं नव्हतं.

न्यूट्रॉन ताऱ्यांबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. त्यांच्या झोतात शिरलं की पुढच्या उडीचा पल्ला चौपट होतो. माझा ५४ प्रकाशवर्षं पल्ल्याचा एस्प एक्सप्लोरर (माझं जहाज) एका उडीत दोनशेच्या पुढे जायचा. लोक त्यांना घाबरतात, पण तिथे माणूस जागा असतो. जहाज गदागदा हलतं, कान टवकारलेले असतात. प्रत्येक वेळी ड्राइव्हला थोडी इजा होते, ती दुरुस्ती यंत्राने भरून काढायची, झोतापासून लांब जाऊन, सुपरक्रूझमधून बाहेर पडून. ते यंत्र पॉवर प्लांट मात्र दुरुस्त करू शकत नाही, हे लक्षात ठेवा. श्वेतबटूंपासून चार हात लांबच. पल्ला फक्त दीडपट वाढतो आणि झोतात शिरायला ताऱ्याच्या अगदी अंगाला जावं लागतं. परवडत नाही.

शिल्ड, म्हणजे जहाजाभोवतीचं संरक्षक कवच. पल्ला दोन-तीन प्रकाशवर्षांनी वाढावा म्हणून मी शिल्डशिवाय निघालो होतो, ते माझं सर्वांत मूर्ख गणित. कोलोनियाच्या अलीकडे एका ग्रहावर उतरलो. गुरुत्व २.४ जी, म्हणजे पृथ्वीच्या २.४ पट. नकाशात ते लिहिलेलं असतं, मी वाचलं नाही. सवयीने नाक खाली केलं आणि जहाज दगडासारखं पडलं. हल, म्हणजे जहाजाचा सांगाडा, ५८ टक्क्यांवर. शिल्ड असतं तर ओरखडाही उठला नसता. हल त्या दुरुस्ती यंत्राने भरत नाही, त्याला दुरुस्ती लिंपेट (छोटे ड्रोन) लागतात, माझ्याकडे नव्हते. पुढचे सात हजार प्रकाशवर्षं मी अंड्यांची टोपली डोक्यावर घेतल्यासारखा गेलो. कोलोनियात पहिलं काम हलकं डी दर्जाचं शिल्ड बसवलं. जड ग्रहावर जहाज आडवं, सपाट ठेवायचं आणि उभ्या थ्रस्टरने इंचाइंचाने उतरायचं. कंटाळवाणं आहे. असू दे.

माहिती साठवत राहू नका. वाटेत खेळाडूंची मोठी वाहक जहाजं उभी असतात, त्यातल्या काहींवर माहिती विकता येते. थोडी कपात होते, पण डोक्यावरचं ओझं उतरतं. मी धनू ए* पाशी निम्मी विकली आणि त्या रात्री फार छान झोप लागली.

शिकारी मात्र घराजवळ असतात. लांबून आलेली जहाजं बबलच्या तोंडाशी उगाच मजा म्हणून फोडणारे आहेत. मुख्य मेनूत ‘सोलो’, म्हणजे एकट्याने खेळणं, निवडलं की ते भेटतच नाहीत. याला भित्रेपणा म्हणणारे खुशाल म्हणोत, सात महिन्यांची कमाई त्यांची नव्हती. शेवटच्या हजार प्रकाशवर्षांत मी सोलोतच होतो.

कोणाला आवडेल? ज्याला रोज काहीतरी घडायला हवं त्याला नाही. मधले सहा आठवडे मी नुसत्या उड्या मारल्या आणि दोनदा सोडून द्यायचं ठरवलं होतं. पण एकदा मी शोधलेल्या, शनीसारखी कडी असलेल्या ग्रहावर पहाट बघितली, तेव्हा बायकोला उठवून दाखवली. ती म्हणाली, "छान आहे. झोप आता."

स्टेशनात उतरलो, माहितीच्या याद्या एकेक करून विकल्या, त्यात चांगला तास गेला. रात्री जेवताना मीच सांगितलं, पोचलो. तिने भाजी वाढता वाढता विचारलं, "मग आता परत कधी निघणार?" बीगल पॉइंट ६५ हजार प्रकाशवर्षांवर आहे. फक्त जायचं अंतर. लिंपेटची यादी केली आहे.