गालिच्याखालचा वेगळा रंग : तेलाधारित फिनिश घ्यावे की जलाधारित?

लाकडी जमिनीवरचा गालिचा वर्षभराने उचलला की खाली त्याच मापाचा चौकोन उमटलेला दिसतो. कडेची रेघ तर पट्टी धरून आखल्यासारखी असते. दोष बहुतेक वेळा पॉलिशला दिला जातो. प्रत्यक्षात रंग लाकडाचाही बदलतो आणि त्यावरच्या थराचाही, म्हणजे फिनिशचाही, त्यामुळे निवडीपूर्वी दोन्हींचा स्वतंत्र विचार करावा लागतो.

तेलाधारित पॉलीयुरेथेनला (लाकडावर लावायच्या संरक्षक रोगणाला) पहिल्या दिवसापासूनच मधासारखी छटा असते आणि ती वर्षागणिक गडद होत जाते. जवसाच्या तेलासारखी सुकणारी तेले तर अंधारात अधिक पिवळी पडतात व उजेडात त्यांचा पिवळेपणा काहीसा उतरतो. म्हणजे अशा तेलाच्या थरावर गालिचा टाकला, तर झाकलेला भाग जसाच्या तसा राहतो हा समज खरा ठरत नाही. जलाधारित पॉलीयुरेथेन जवळजवळ रंगहीन राहते. मात्र ते पारदर्शक असल्यामुळे प्रकाश खालच्या लाकडापर्यंत पोहोचतोच, आणि त्यात अतिनील किरण शोषणारे घटक असले तरी बदल लांबतो, टळत नाही.

म्हणून माझ्या मते आधी लाकूड पाहावे. मेपल मुळात फिकट असल्याने त्यावर तेलाचा पिवळेपणा लगेच डोळ्यांत भरतो. तेथे जलाधारित फिनिशच योग्य. अक्रोड उजेडाने फिका पडतो आणि जलाधारित थराखाली तो आधीच थोडा निस्तेज दिसतो, त्यामुळे त्याला तेलाची ऊब मानवते. चेरी उजेडात झपाट्याने गडद होते. तिच्यावर कोणतेही फिनिश लावले तरी चौकोन उमटणारच, तेव्हा पहिले काही महिने जमीन उघडी ठेवणे हाच खरा उपाय. नव्या सागातले कमीअधिक रंगाचे पट्टे उजेडाने एकसारखे होतात, त्यामुळे तेथेही गालिच्याची घाई नको.

खिडकीच्या साध्या काचेतून अतिनील ‘अ’ किरणांचा बराचसा भाग आत येतो. काचेवरची फिल्म तो अडवते, पण दृश्य प्रकाशानेही लाकडाचा रंग बदलतो, हे फिल्म विकणारे सहसा सांगत नाहीत.

प्रकाशामुळे लाकडात पडलेला फरक गालिचा काढल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बराच मिटतो. रबरी पाठीच्या गालिच्याचा डाग मात्र वेगळा असतो : रबरातील रसायने फिनिशमध्ये उतरतात, आणि तो थर घासून काढल्याशिवाय डाग सहसा जात नाही. नवे फिनिश पुरते पक्के होण्याआधी गालिचा अंथरू नये. जलाधारित थराला साधारण 2 आठवडे आणि तेलाधारिताला महिनाभर द्यावा.

तरीही निर्णय होत नसेल, तर त्याच लाकडाच्या दोन फळ्यांवर दोन्ही फिनिशे लावून प्रत्येकीचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकावा, त्या महिनाभर खिडकीत ठेवाव्यात आणि मग कागद काढून पाहावे.